करार दोघांचा, पुंजी तिसऱ्याची

विस्ताराचं शेवटचं विमान ११ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री उडालं. दुसऱ्या दिवसापासून तीच विमानं, तेच वैमानिक, बहुतेक मार्गही तेच. फक्त तिकिटावरचा विस्ताराचा 'यूके' हा संकेत जाऊन एअर इंडियाचा 'एआय' आला आणि फ्लाइटचा नंबर दोनच्या आकड्याने सुरू होऊ लागला. त्या दोन-चार दिवसांत माझ्या ओळखीतल्या पुष्कळांनी जांभळ्या-सोनेरी विमानांचे फोटो टाकले, जेवण किती छान असायचं, कर्मचारी किती अदबीने वागायचे याच्या आठवणी लिहिल्या. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची ही कंपनी जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि दहा वर्षं पुरी व्हायच्या आत एअर इंडियात विलीन झाली. लोकांना मनापासून वाईट वाटलं.

विलीनीकरणाचा दुसरा भाग घडला पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये. तो ईमेलमधून घडला, त्यामुळे ज्यांच्या पाकिटात ती कार्डं होती त्यांच्यापुरतीच त्याची चर्चा राहिली. विस्ताराच्या नावाची क्रेडिट कार्डं चार जणांनी काढली होती: एसबीआय कार्ड, अ‍ॅक्सिस, आयडीएफसी फर्स्ट आणि इंडसइंड. बहुतेक कार्डांचं गणित सारखंच. वर्षाची फी भरली की एक तिकीट, आणि मग वर्षभरात खर्चाचा एकेक टप्पा ओलांडला की आणखी एकेक तिकीट. आपण भरायचे ते फक्त कर आणि वरचे आकार. अ‍ॅक्सिसच्या साध्या कार्डाची फी १,५०० रुपये होती आणि त्यावर इकॉनॉमीचं तिकीट मिळायचं. सगळ्यात वरच्या कार्डाची १०,००० रुपये आणि त्यावर बिझनेस क्लासचं. त्या वरच्या कार्डावर अडीच लाख खर्च झाले की बिझनेसचं आणखी एक तिकीट, पाच लाखांना आणखी एक. ज्यांना एरवी बिझनेस क्लासचा पडदा फक्त बाहेरून दिसायचा, अशा कितीतरी घरांतली माणसं या कार्डांमुळे पडद्याच्या आत जाऊन बसली.

मग हे थांबलं. आयडीएफसी फर्स्टने ३१ मार्च २०२५ पासून खर्चाच्या टप्प्यांवरची तिकिटं बंद केली. अ‍ॅक्सिसने १८ एप्रिलपासून असं ठरवलं की कार्डाचं नूतनीकरण झालं तर त्या वर्षाची फी माफ, पण तिकिटंही नाहीत. एक गोष्ट मात्र नीट झाली, ती सांगायलाच हवी: क्लब विस्तारा या नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या योजनेत ज्यांचे पॉइंट (प्रवास करून किंवा कार्ड वापरून मिळणारे, पुढे तिकिटासाठी खर्चता येणारे गुण) शिल्लक होते ते एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये एकास एक या दराने वळते झाले. विमान कंपनीने आपल्या वहीतली देणी पाळली. पण कार्डाच्या जोरावर ज्यांनी पुढच्या वर्षाचं गणित मांडलं होतं, ते गणित कुणाच्याच वहीत नव्हतं.

मला लिहायचंय ते याबद्दल. बँक आणि विमान कंपनी यांच्यात करार होतो, काही वर्षांनी संपतो, मोडतो, बदलतो. व्यापारात हे चालायचंच. पण या कराराच्या भरवशावर पुंजी साठवत असतो तो तिसराच माणूस, आणि करार मोडायला दोघं बसतात तेव्हा त्या खोलीत त्याच्यासाठी खुर्ची नसते. आपल्याकडचा मध्यमवर्ग बचतीच्या बाबतीत किती गंभीर असतो हे मी घरात पाहिलंय, म्हणून मला हे नुसतं ग्राहकांचं किरकोळ गाऱ्हाणं वाटत नाही.

आधी हा पॉइंट येतो कुठून ते पाहू, कारण अनेकांना अजूनही वाटतं की तो बँक खूश होऊन देते. आपण दुकानात शंभर रुपयांचं कार्ड घासतो तेव्हा दुकानदाराच्या हाती शंभर पडत नाहीत. त्यातले साधारण दीड-दोन रुपये कापले जातात आणि त्या कापलेल्या रकमेचा मोठा वाटा आपलं कार्ड काढणाऱ्या बँकेला मिळतो. त्यातूनच बँक विमान कंपनीकडून पॉइंट विकत घेते, घाऊक भावात, लाखोंनी, आणि आपल्या खात्यात टाकते. विमान कंपनीला पैसे आज मिळतात, आपल्याला न्यायचं असतं ते पुढे कधीतरी. काही जण ते पॉइंट विसरतात, काहींचे मुदतीत संपत नाहीत. तोवर ती रक्कम कंपनीच्या ताळेबंदात देणं म्हणून उभी असते.

या धंद्याचा आकार किती आहे हे कळलं तेव्हा मी बराच वेळ ते आकडे पाहत बसले होते. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीला २०२४ या एका वर्षात अमेरिकन एक्स्प्रेसकडून ७.४ अब्ज डॉलर मिळाले. विमानात कुणी बसलं म्हणून मिळालेले हे पैसे नव्हेत. लोकांनी किराणा भरला, पेट्रोल टाकलं, मुलांच्या फिया भरल्या, आणि त्या प्रत्येक वेळी कार्ड वापरलं म्हणून मिळालेले. कोविडच्या वर्षी, जून २०२० मध्ये, विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेड या दुसऱ्या अमेरिकन विमान कंपनीने आपली मायलेजप्लस ही पॉइंटांची योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं. त्या योजनेचं मूल्य तेव्हा सुमारे २२ अब्ज डॉलर धरलं गेलं होतं, म्हणजे शेअर बाजारात अख्ख्या युनायटेडची जी किंमत होती तिच्यापेक्षा जास्त. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अ‍ॅडव्हांटेज योजना काढली ती नेहमीचे प्रवासी दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून. चाळीस वर्षांत ती बक्षिसाची योजना कंपनीच्या मूळ धंद्याहून मौल्यवान होऊन बसली.

इतका पैसा ज्या करारावर उभा असतो तो करार दोन्ही बाजूंचे वकील किती बारकाईने लिहीत असतील! कुणी कुणाला काय भावाने पॉइंट विकायचे, किती वर्षांसाठी, मुदतीआधी कुणी बाहेर पडलं तर काय. आणि आपल्याला सही करायला जो कागद मिळतो त्यात एवढंच असतं की योजना कधीही, कोणतंही कारण न देता बदलण्याचा किंवा बंद करण्याचा हक्क बँक राखून ठेवते.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण जेट एअरवेजचं. ५ मे १९९३ ला सुरू झालेली जेट म्हणजे मुंबईच्या माणसाला घरचीच कंपनी वाटायची. अंधेरीत मुख्य कचेरी, वसई-विरारपासून डोंबिवली-कल्याणपर्यंतची मुलंमुली तिथे नोकरीला, आणि लग्नाच्या बैठकीत 'मुलगा जेटमध्ये आहे' म्हटलं की चेहरे उजळायचे. जेटप्रिव्हिलेज ही त्यांची योजना देशात फार लोकप्रिय होती. एचडीएफसी, आयसीआयसीआय, इंडसइंड, अमेरिकन एक्स्प्रेस, सगळ्यांची जेटच्या नावाची कार्डं होती. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला शेवटचं विमान आलं आणि जेट थांबली.

तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा, नोकऱ्यांचा, आणि तो तसाच विचारायला हवा होता. हजारो कर्मचाऱ्यांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार अडकले होते. पॉइंटांचा प्रश्न त्यापुढे लहान होता. तरी तो कसा सुटला हे समजून घेण्यासारखं आहे. जेटप्रिव्हिलेज ही २०१४ पासून वेगळी कंपनी होती आणि तिचे ५०.१ टक्के भाग अबू धाबीच्या एतिहाद या विमान कंपनीकडे होते. त्यामुळे विमान कंपनी कोसळली तरी पॉइंटांची कंपनी उभी राहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने इंटरमाइल्स हे नाव घेतलं. लोकांचे आकडे शाबूत राहिले. पण ते आकडे ज्या विमानांत बसायला जमवले होते ती विमानंच नव्हती! दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं, हॉटेलं, वस्तू घ्यायची सोय होती, पण ज्याने जेटच्या सीटसाठी वर्षानुवर्षं साठवलं त्याला त्याच आकड्यात पूर्वीइतकं काही येत नव्हतं. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जेट मोडीत काढायचा आदेश दिला, म्हणजे विस्ताराच्या शेवटच्या उड्डाणाच्या चार दिवस आधी. एकाच आठवड्यात मुंबईच्या आकाशातली दोन नावं संपली.

शिल्लक तशीच, आणि तिच्यात येणारी गोष्ट मात्र कमी. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथे आहे. पुंजी चोरीला गेली असं कुणी म्हणू शकत नाही, कारण आकडा ॲपवर तसाच चमकत असतो.

फारकत नेहमी इतकी उघड असतेच असं नाही. कधी भागीदार कायम राहतो आणि फक्त दर बदलतो. अ‍ॅक्सिसचं मॅग्नस कार्ड काही काळ पॉइंट जमवणाऱ्यांचं सगळ्यात लाडकं होतं. पाच पॉइंट दिले की विमान कंपनीचे चार माइल, म्हणजे तिच्या योजनेतले पॉइंट. १ सप्टेंबर २०२३ पासून पाचाला दोन झाले. एका तारखेला साठा निम्म्यावर आला. ज्यांना बातमी वेळेत कळली त्यांनी आधी पळापळ करून पॉइंट वळते केले. आता यातली गोम अशी की बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. एमिरेट्स असो की सिंगापूर एअरलाइन्स, तिथले माइल साधारण तीन वर्षांत बाद होतात. म्हणजे घाईने पाठवले तर मुदतीचं घड्याळ सुरू, आणि न पाठवले तर दर पडायची भीती.

एमिरेट्सचं नाव आलंच आहे तर परदेशातल्या आपल्या माणसांबद्दलही सांगते. न्यू जर्सीत, टेक्सासात, बे एरियात राहणारी मराठी कुटुंबं आई-वडिलांना बोलावताना दुबईमार्गे येणारं विमान पसंत करतात. मुंबईहून तीन तासांत दुबई, तिथे पाय मोकळे करायचे, आणि मग लांबचा टप्पा. व्हीलचेअर सांगितली की माणूस हाताला धरून पुढच्या फाटकापर्यंत नेतो, हे ज्येष्ठांना फार धीर देणारं असतं. तिथली मुलं कार्डाचे पॉइंट एमिरेट्सकडे वळवून आई-वडिलांची तिकिटं काढत. २०२५ मध्ये या वाटा एकामागून एक आकसल्या. सिटी बँकेने जुलैअखेर दर कमी केला, सप्टेंबरात अमेरिकन एक्स्प्रेसने एकास एकऐवजी पाचाला चार केले, आणि १६ ऑक्टोबरला चेस या अमेरिकन बँकेकडून एमिरेट्सकडे पॉइंट पाठवण्याची सोय पूर्णच बंद झाली. त्याच वर्षी ३० जूनला अमेरिकन एक्स्प्रेस आणि हवाईयन एअरलाइन्स यांचीही अशीच वाट संपली. तिथे कारण समजण्यासारखं होतं, अलास्का एअरलाइन्सने हवाईयन विकत घेतली होती आणि दोन योजना एक होणार होत्या.

विमान कंपन्यांची बाजू मला अगदी कळत नाही असं नाही. बँकांनी पॉइंट इतके वाटले की सीटं तेवढी नाहीत. विमानात बक्षिसाच्या म्हणून ज्या मोजक्या जागा असतात त्यांवर सगळ्या जगाचे पॉइंट येऊन आदळतात, आणि कंपनीचा स्वतःचा नेहमीचा प्रवासी रिकाम्या हाताने परत जातो. मग कंपनी म्हणते, बँकेने जास्त भाव द्यावा; बँक म्हणते, आम्ही ग्राहकाला कमी देऊ. दोघांच्या ओढाताणीत दर पडतो किंवा दोर तुटतो. इथवर ठीक आहे. प्रश्न आधी साठवलेल्या पॉइंटांचा आहे. उद्यापासून मिळणारा पॉइंट अर्ध्या किमतीचा असेल, हे सांगायचा बँकेला हक्क आहे. काल मिळालेला पॉइंट आजपासून अर्ध्या किमतीचा, हे मला मान्य नाही. त्या कालच्या पॉइंटासाठी ग्राहकाने आपली बाजू पूर्ण केलेली असते. खर्च केला, कार्ड वापरलं, बिल वेळेवर भरलं, फी दिली.

हे मी इतक्या आवेगाने लिहितेय त्याला माझी वहिनी कारण आहे. दादा-वहिनी ठाण्यात राहतात. दादा निवृत्त झाला, भाची मेलबर्नला शिकायला गेली, आणि तिच्या पदवीदान समारंभाला जायचं हे वहिनीने ती विमानात बसली त्याच दिवशी ठरवून टाकलं. तिकीट पॉइंटांवर काढायचं. बँकेचं आणि विमान कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही.

वहिनीची साठवण पाहायला हवी होती. स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे. पानाच्या मागे तिचे दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, मोलकरणीच्या सुट्या, आणि त्याखाली एक ओळ आखून पॉइंट. दर महिन्याला स्टेटमेंट आलं की तारीख, जमा, एकूण. डिसेंबर संपला की एकूण आकडा नव्या कालनिर्णयाच्या जानेवारीवर उतरवायचा. लाइट बिल, विम्याचे हप्ते, सोसायटीचा मेन्टेनन्स, सगळं कार्डावर. भाच्याच्या लग्नाच्या हॉलचे पैसेसुद्धा तिने कार्डावर भरले आणि त्याच दिवशी त्याच्याकडून बँकेत घेतले. "कार्ड माझं, पैसे तुझे, पॉइंट माझे," असं ती स्पष्ट सांगायची. आणि एकदाही, एक दिवसही व्याज लागू दिलं नाही. मी तिला म्हणायचे की वहिनी, तू बँकेत नोकरीला हवी होतीस.

मग एका महिन्यात बँकेचा ईमेल आला. विषयाच्या ओळीत भागीदारांच्या यादीत सुधारणा केल्याचं लिहिलं होतं. आत, नव्याने आलेल्या दोन हॉटेलांच्या चित्रांच्या खाली, एका ओळीत जाणाऱ्या विमान कंपनीचं नाव. मुदत महिनाभराची. वहिनीने तो वाचला, कारण ती सगळंच वाचते. लगेच ॲप उघडून पॉइंट पाठवायला घेतले आणि नावापाशी अडकली. बँकेत तिचं नाव लग्नानंतरचं, नाव-पतीचं नाव-आडनाव असं तीन भागांत. विमान कंपनीच्या खात्यात पासपोर्टवरून घेतलेलं, पहिल्या रकान्यात दोन नावं एकत्र आणि दुसऱ्यात आडनाव. यंत्राला ही दोन वेगळी माणसं वाटली. विनंती परत आली. फोन केला, कस्टमर केअरच्या मुलाने अदबीने सांगितलं की दोन्हीकडे नाव सारखं करून घ्या. बँक म्हणाली, शाखेत या. शाखा म्हणाली, कार्डाचा विभाग वेगळा आहे, फॉर्म तिकडे पाठवू. विमान कंपनी म्हणाली, पासपोर्टाप्रमाणेच नाव ठेवावं लागेल. फॉर्म गेला, नाव बदललं, आणि बदललेलं नाव यंत्रात उतरेपर्यंत ती तारीख उलटून गेली होती. ॲपमध्ये भागीदार निवडायची यादी असते, त्यातून त्या कंपनीचं नाव नाहीसं झालं होतं. उरली होती ती खरेदीची कूपनं, तीही अशा दराने की तिकिटाच्या मानाने निम्मीसुद्धा किंमत पदरात पडू नये.

समारंभाला ते दोघं गेले. दादाने एफडी मोडून तिकिटं काढली. भाचीचा काळ्या झग्यातला फोटो आता त्यांच्या हॉलमध्ये लागलेला आहे. पण वहिनी मला म्हणाली ते मनातून जात नाही. "पैशाचं नाही गं. पण मी हिशेब ठेवला होता."

आपल्या घरांतल्या बायकांनी आयुष्यभर भिशी चालवली आहे. तिथेही तोंडी शब्दावरच सगळा कारभार, कागद काही नाही. पण भिशीत कुणी मध्येच बाहेर पडायचं म्हणाली तर तिला बाकीच्या दहाजणींसमोर बसून सांगावं लागतं, आणि ज्यांचा नंबर यायचाय त्यांचं आधी पुरं करावं लागतं. वहिनीला या व्यवहारात खटकलं ते हेच. तिच्यासमोर बसून कुणी सांगितलं नाही.

इथे एक वेगळी बाजूही मला टाळता येत नाही. पॉइंटाचा पैसा दुकानदाराच्या कापलेल्या रकमेतून येतो, आणि दुकानदार ती रक्कम मालाच्या भावात धरतो. म्हणजे ज्याच्याकडे कार्डच नाही, जो रोख देतो किंवा यूपीआयने भरतो, तोही त्या तिकिटाचा थोडा भार उचलतो. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला आकार लागत नाही, तरी त्या दुकानातला भाव सगळ्यांना एकच असतो. म्हणून कार्डवाल्यांचं दुःख हे देशातलं मोठं दुःख आहे असं मी म्हणणार नाही. पण दिलेला शब्द पाळला जावा, ही अपेक्षा श्रीमंतीवर अवलंबून नसते. आणि वहिनीसारखी माणसं या खेळात लाखो आहेत, जी फुकट काही मागत नाहीत.

नियम काय म्हणतात? रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ ला कार्डांबद्दलचे सविस्तर निर्देश काढले. ते मी चिकाटीने वाचले आहेत आणि त्यात चांगल्या गोष्टी आहेत. आकारांत बदल करायचा तर किमान महिनाभर आधी कळवायला हवं आणि तो पुढच्या काळासाठीच लागू व्हायला हवा. असा बदल ग्राहकाला पटला नाही आणि त्याला कार्ड परत करायचं असेल तर त्यासाठी पैसे आकारता येत नाहीत. कार्ड बंद करायची विनंती सात कामाच्या दिवसांत पुरी केली नाही, तर थकबाकी नसल्यास बँकेला रोज ५०० रुपये दंड. अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्याव्यात, असंही त्यात आहे. मराठीतला असा कागद मी अजून कुणाच्या हातात पाहिलेला नाही. साठलेल्या पॉइंटांचं काय करायचं, हा भाग मात्र ज्या-त्या बँकेच्या स्वतःच्या अटींवर सुटलेला आहे.

अमेरिकेत यावर थोडी हालचाल झाली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या परिवहन खात्याने अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांना पत्र लिहून पॉइंटांची किंमत कशी ठरते, कशी घटवली जाते याची माहिती मागवली. डिसेंबरात ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणाचं काम पाहणाऱ्या संस्थेने म्हटलं की आधीच मिळालेल्या बक्षिसाचं मूल्य घटवणं कायद्याविरुद्ध ठरू शकतं. पुढे सरकार बदललं आणि तो जोर ओसरला. पण प्रश्न योग्य ठिकाणी विचारला गेला होता, आणि आपल्याकडेही तो विचारता येईल. भागीदारी संपायची असेल तर सहा महिने आधी सांगा. घोषणेच्या दिवसापर्यंत जे जमलंय ते त्या सहा महिन्यांत जुन्या दराने वापरू द्या. कळवायचं ते एसएमएसने, ग्राहकाच्या भाषेत, जाहिरातीच्या चित्रांखाली न दडवता. आणि ज्याची विनंती मुदतीत आली पण तांत्रिक कारणाने अडकली, त्याची तारीख विनंतीच्या दिवसाची धरा. यात कुणाचा धंदा बुडत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर आम्ही आता काहीतरी करतो आहोत. बँकांविरुद्धच्या तक्रारींसाठी रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवस थांबायचं, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे जायचं. ऑनलाइन करता येतं, किंवा रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राला टपालाने पाठवता येतं, आणि कोणत्याही भाषेत लिहिलेलं चालतं. बँकेच्या व्यापारी निर्णयावर मात्र तिथे दाद मिळत नाही. म्हणून करार का मोडला, दर का पाडला, असलं काही आम्ही लिहिलं नाही, वहिनीची कितीही इच्छा असली तरी. फक्त एवढंच मांडलं: विनंती मुदतीच्या आत केली होती, नावातला फरक बँकेने वेळेत दुरुस्त केला नाही, सेवेत कसूर झाली. सोबत ॲपच्या नकारांचे स्क्रीनशॉट, फॉर्मची पोच, फोन केल्याच्या तारखा. त्या तारखा कुठून मिळाल्या हे सांगायला नको. वहिनीने कालनिर्णयाची ती पानं उतरवून आणली आणि मी त्यांच्या झेरॉक्स जोडल्या.

तक्रार मराठीत आहे, तिच्या अक्षरात. बँकेच्या तीस दिवसांतले अजून थोडे शिल्लक आहेत. चंदीगडच्या पत्त्याचं पाकीट तिने आधीच लिहून ठेवलंय.